लोखंडाची तहान

गल्लीच्या तोंडाशी आधी आवाज वळायचा, मग रेवती.

दिंडोशीच्या टेकडीला चिकटून बसलेली ती बैठी चाळ. मोठ्या रस्त्यावरून खाली उतरणारी अरुंद गल्ली, आणि उतार संपतो तिथे, नाल्याच्या कठड्याच्या अलीकडे, रेवतीचं घर. वळताना तिने ब्रेक दाबला की मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज सुरू व्हायचा, उतारभर लांबत जायचा आणि दारापाशी येऊन तुटायचा. समोरची द्रौपदीकाकू आतल्या सुनेला हाक मारायची, "भोंगा झाला गं, भात उतरव!"

पहिल्यांदा रेवती खरंखुरं हसली होती. हल्ली नुसते ओठ हलवायची. हसायलाही अंगात थोडं काही शिल्लक लागतं.

गोरेगावच्या एका स्टुडिओत, रोजच्या मालिकेच्या कपडेपटात ती कामाला होती. मालिकेतल्या सासूच्या साड्या, सुनेच्या साड्या, मोठ्या जावेचे जरीचे ब्लाउज. इस्त्री करायची, पिना लावायच्या, आणि कालच्या रडण्यात पदर डाव्या खांद्यावर होता तर आजच्या रडण्यातही तो डावीकडेच आहे ना, हे बघायचं. पडद्यावरची माणसं सोफ्यावर बसून भांडायची. रेवती दिवसभर उभी असायची.

सायकलही त्या मालिकेतलीच. नायकाचा धाकटा भाऊ ती चालवायचा. मग गोष्टीत तो लंडनला गेला आणि सायकल गोडाऊनच्या दाराशी धूळ खात राहिली. प्रॉडक्शनच्या माणसाने ती रेवतीला देऊन टाकली. कॅमेऱ्यात झकास दिसते म्हणून डिस्कब्रेकची आणलेली. चाकाच्या मधोमध पातळ, भोकाभोकांची पोलादी चकती. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन इवलेसे पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. थांबायला हवं.

या सायकलीत रेवतीचा जीव अडकला होता. पहाटे चहाचा कप विसळून ती निघायची. फिल्मसिटीचा रस्ता रिकामा, आरेकडून गवताचा, शेणाचा, ओल्या मातीचा वास यायचा. त्या रस्त्यावर ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती, कुणाची 'कपडेवाली दीदी' नव्हती. पेडल होतं आणि पाय होता. दिवसातलं तेवढंच काय ते तिचं. बाकी सगळं दुसऱ्यांच्या इस्त्रीखाली.

नुसता आवाज असता तर तिने तो सोसला असता. सेटवर तिच्यामुळे एका रडण्याचा टेक वाया गेला, नायिकेचा हुंदका वर चढत असताना बाहेर हिचा ब्रेक किंचाळला, आणि साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून "कोण मेलं बाहेर?" असं विचारलं, तेही तिने गिळलं. पण आवाज वाढला तसा ब्रेक लागेनासा झाला. त्या आठवड्यात स्टुडिओच्या उतारावर तबेल्याची एक म्हैस आडवी आली. रेवतीने दोन्ही ब्रेक आवळले. सायकल ओरडली, पण थांबली नाही. म्हशीने मान वळवून पाहिलं, ही कोण बाई एवढी बोंबलत येतेय म्हणून. शेवटी रेवतीने सायकल गटाराकडे झोकली. म्हैस गेली. रेवतीचं कोपर सोललं.

घरी आल्यावर सुबोधने कोपर बघितलं. तो अंधेरीला कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पार्सलं चढवायचा-उतरवायचा. स्वतःच पार्सल झाल्यासारखा भिंतीला टेकून बसला होता.

"रविवारी एक जण येतोय सायकल बघायला. मालाडचा आहे," तो म्हणाला. "फोनवर फोटो टाकले मी."

"मला न विचारता?"

"हे कोपर तुला विचारून सोललं काय?"

रेवती म्हणाली, "मी करून घेते ना दुरुस्त."

"किती वेळा, रेवती? तो सायकलवाला विशाल तुला लांबून बघितलं की शटर ओढतो."

"रविवारपर्यंत झाला नीट, तर?"

"झाला तर ठेव. नाय झाला तर सायकल जाईल." तो डोळे मिटून बोलत होता. "मला हॉस्पिटलच्या फेऱ्या नकोत गं. माझ्या अंगात नाय आता तेवढं."

ते खोटं नव्हतं. तोही दमला होता. त्या खोलीत दमलेपणा पाण्याच्या पिंपासारखा कायम भरलेला असायचा, कुणी ना कुणी त्यातून एक तांब्या घ्यायचं.

कोपऱ्यात सुबोधची आई, प्रेमा, कुळीथ निवडत होती. ती सुनेच्या कोपराकडे बघत राहिली, आणि निवडलेल्या कुळथात परत खडा टाकला.

प्रेमा कणकवलीकडची. लग्न होऊन लालबागला आली, तिथून संसार ढकलत ढकलत दिंडोशीला. तिचा नवरा गुणाजी गिरणीत तेलवाला होता. साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांमधून, लांब चोचीचा डबा घेऊन फिरायचा आणि साच्यांच्या सांध्यासांध्यात तेल सोडायचा. गिरणी गेली, गुणाजी गेला. पण त्याचं शास्त्र प्रेमाच्या हातात राहिलं. दाराची बिजागरी, मिक्सरचं झाकण, शेजाऱ्यांचा पाळणा, कुठे करकरलं की प्रेमा तेलाची वाटी घेऊन हजर. "लोखंडाक तान लागली," म्हणायची. सायकलीला मात्र ती कधी हात लावताना दिसली नव्हती. तिला ती 'ता धूड' म्हणायची.

*

विशालचं दुकान मोठ्या रस्त्यावर, रिक्षा स्टँडमागे. त्याने रेवतीचं काम मनापासून केलं होतं. चकती पुसली, पॅड घासले, मग नवीन पॅड टाकले. प्रत्येक वेळी सायकल गप्प व्हायची, एक-दोन दिवस शहाण्यासारखी चालायची, आणि परत तेच.

"ताई, चकतीला तेल लागतंय कुठून तरी," तो म्हणाला होता. "बाकी सगळीकडे तेल चालतं, इथे नाय. थेंब जरी लागला तरी पॅड पितो. मग घसरतो पण आणि ओरडतो पण."

"तुझ्याच हाताला ग्रीस असतं."

"माझ्या?" विशालने हात दाखवले. ते काळेच होते, त्यामुळे पुरावा कुणाच्याच बाजूचा निघाला नाही. मग तो खाली वाकला, चकतीचा वास घेतला आणि नाक वर केलं. "ग्रीसला नारळाचा वास कधीपासून यायला लागला? खोबरेल हाय ताई हे. केसाला लावता ना? तोच हात लागतो."

रेवतीला ते पटलं. तिला हल्ली स्वतःचीच चूक लवकर पटायची, वाद घालायचा त्रास वाचायचा. तिने केसांना तेल लावणं बंद केलं. प्रेमा रोज बघायची आणि हळहळायची, "केसांचो काथ्यो झालो गो. आरशात तरी बघ."

"वेळ नाही मिळत, आई."

तरीही ब्रेक ओरडतच राहिला. म्हशीनंतर ती विशालकडे गेली तेव्हा त्याने सायकलीला हातच लावला नाही. "भुताटकी हाय ताई. नवीन पॅड पुन्हा खराब करायचे तर मला पाप लागेल. तुम्ही आता घरी करून बघा, मी सांगतो कसं." आणि त्याने सगळं नीट समजावलं, स्क्रूची चावीही दिली, सोमवारी ती परत आणा म्हणाला.

शनिवारी नायिकेला ताप आला आणि शूटिंग बंद राहिलं. रेवतीने मनातल्या मनात त्या बाईचे आभार मानले, मग लाजून तिला बरं वाटो असंही म्हटलं. दारात सायकल उलटी करून ती बसली. चाकं काढली. मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटने चकत्या पुसल्या. कापड काळं झालं, पिवळट झालं, शेवटी पांढरंच राहिलं तेव्हा थांबली. नखाएवढे ते पॅड काढून तव्यावर तापवले, आत मुरलेलं तेल धूर होऊन जाईपर्यंत. मग काचपेपरवर गोल गोल घासले. चंदन उगाळावं तसे घासले, वरची चकचकीत साय जाऊन खालचा खरखरीत रंग दिसेपर्यंत.

प्रेमा उंबऱ्यावर बसून बघत होती. "एवढा घासतंस कित्याक?"

"चिकटपणा जायला हवा, आई."

"हं," प्रेमा म्हणाली. तिच्या दृष्टीने चिकटपणा म्हणजे पोसलेपणा. तो कुणी घालवतं?

संध्याकाळी रेवती मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि उतारावरून परत आली. द्रौपदीकाकू दारात उभी होती, रेवती कधी आली ते तिला कळलंच नाही. चाकातून एक बारीक सर्रसर्र येत होती, नव्या झाडूची येते तशी. पण ब्रेक धरत होता. दोन बोटांनी दाबला तरी धरत होता.

"बघितलंस?" ती सुबोधला म्हणाली.

"उद्या सकाळी बघू. तुझा दर वेळी पहिल्या दिवशी नीटच असतो."

आतून प्रेमा म्हणाली, "वायच आवाज येता अजून."

"तो जाईल, आई. नवीन आहे."

रेवती जेवली आणि अंथरुणावर पडली ती हातांना लागलेल्या काचपेपरच्या वासासकट झोपली.

*

रविवारी नळाला पाणी आलं तेव्हा बाहेर नुसतं राखाडी उजाडत होतं. प्रेमा नेहमीप्रमाणे उठली. हंडा भरल्याचा आवाज आला, बादली सरकवल्याचा आला. रेवती अर्धवट जागी पडून होती. सुट्टीच्या दिवशीही तिचं शरीर शूटिंगच्या पहाटेच्या कॉलला उठून उभं राहायचं, मग त्याला समजावून परत निजवावं लागायचं.

बाहेरून प्रेमाची ओवी ऐकू आली.

जातं लालबागच्या खोलीतच सुटलं होतं, ओवी सुटली नव्हती. प्रेमा भाजी चिरताना गायची, मासे साफ करताना गायची, आणि जे हाताने करायची तेच तोंडाने सांगायची. कांदा चिरताना कांद्याची ओवी, केर काढताना केराची. बोलताना ती चार गोष्टी झाकून ठेवायची, कुठलीही सासू ठेवते तशा. ओवीला मात्र तिने खोटं बोलायला कधी शिकवलं नव्हतं.

*सून चालली कामाला, वाट उताराची भारी*
*तेल घालते चाकाला, रामेश्वरा तूच तारी*

रेवतीने डोळे उघडले.

*लोखंडाला लागे तान, त्याला थेंब थेंब पाजू*
*रेवतीच्या वाटेवर नको दगडा तू वाजू*

ती उठून दारात आली. प्रेमा मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. गाऊन गुडघ्यात खोचलेला, खांद्यावर टॉवेल. शेजारी खोबरेलाची वाटी. एका हाताने ती चाक हळूहळू फिरवत होती, दुसऱ्या हातातली तेलात बुडवलेली कापसाची वात चकतीला टेकवून धरली होती. समईच्या कडा पुसाव्यात तशा मायेने. चकती आरशासारखी लखलखत होती.

"आई."

ओवी तुटली. चाक फिरत राहिलं.

"उठलंस? पाणी भरून ठेवलंय."

"हे काय करताय?"

"काय नाय गो, वायच तेल. काल तू एवढी मरान घासलंस, तरी आवाज रवलोच. माझ्या कानात रात्रभर तोच. म्हटला, सकाळी पाजूया जरा."

"रोज घालता?"

"रोज खय? आवाज इलो की घालतंय." आणि मग जरा अभिमानाने, "तुका सांगूक नाय. तू आधीच दमतंस. म्हटला, आपलाच हात लावूया."

रेवती उंबऱ्यावर बसली. आवाज आला की तेल, तेल घातलं की आवाज. विशालने पुसायचं, प्रेमाने पाजायचं. आणि मधल्या मधे ती स्वतः काथ्यासारखे केस घेऊन त्या उतारावरून रोज खाली जात होती.

तिला ओरडायचं होतं. ओरडायला जे लागतं ते सगळं काल काचपेपरवर झिजलं होतं. शिवाय सासूचा स्वभाव तिला माहीत होता. एकदा आमटीला मीठ जास्त झालं म्हटल्यावर प्रेमा कितीतरी दिवस शेगडीपाशी फिरकली नव्हती. विचारलं तर "माझ्या हाताक आता चव नाय, तुमीच करा" एवढंच. गप्प बसावं, वाटलं तिला. तेल पुसावं, सायकल देऊन टाकावी त्या मालाडच्या माणसाला, रिक्षाच्या रांगेत उभं राहावं. घरात शांतता तरी राहील.

पण तो पहाटेचा रस्ता डोळ्यांपुढे आला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"आई, ब्रेक तेलानेच जातो. इथे तेल घालायचं नसतं. ती म्हैस आडवी आली तेव्हा सायकल थांबली नाही, ती या तेलामुळे. मी मेले असते, आई."

नळाला पाणी आलंय सांगावं, तशा आवाजात ती हे बोलली.

प्रेमाने वात चकतीवरून उचलली. म्हणाली, "मी घातलंय तेल. माझ्या हातान."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुझे सासरे साच्याचो आवाज ऐकान सांगीत, हेका खय तान लागली ती. आवाज म्हणजे तान. जलमभर ह्याच ऐकलंय मी." तिने चकतीवरून बोट फिरवलं, बोट तेलकट झालं, ते तिने गाऊनला पुसलं. "हेका तान लागता ती कसली मगे?"

"हिला तहान लागत नाही, आई. हिला कोरडंच ठेवायचं. कोरडं असलं तरच एकमेकांना धरतात."

प्रेमा उठली. रेवतीला वाटलं, आता ही आत जाणार, भिंतीकडे तोंड करून निजणार, आणि आठवडाभर आपण दोन ताटं वाढून तिसऱ्यासाठी विनवण्या करणार. प्रेमा आत गेली नाही. वाटी उचलून ती रेवतीच्या मागे आली, आणि वाटीतलं सगळं तेल तिच्या टाळूवर ओतलं.

"अहो आई! काय करताय!"

"गप बस. ओतून कित्याक टाकूचा? हयच तान होती, माका दिसत होती. आणि मी मेली थय पाजीत बसलंय." तिची बोटं रेवतीच्या केसांत गेली. जुनी, हाडकुळी, नेमकी बोटं. ती रागाने चोळत होती की मायेने, ते रेवतीला कळेना. मानेवर तेलाचा ओघळ आला. मानेवर आणखी एक थेंब पडला, तो तेलाचा नव्हता. रेवतीने मागे वळून बघितलं नाही. सासूला रडताना बघायचं नसतं; रडू द्यायचं असतं.

"आता माझे हात तेलाचे झाले," ओघळ पुसत रेवती म्हणाली. "धुतले तरी डोक्यातून तेल ठिबकेल, मला चकतीला हात लावता येणार नाही. आणि तो माणूस येणार आहे."

"मगे मी करतंय. काय करूचा ता सांग."

प्रेमाने भांड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखात ब्रश घातला, पुन्हा धुतले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून कंबरेला बांधला. रेवती उंबऱ्यावरून सांगत होती आणि प्रेमा करत होती.

"तो स्क्रू डावीकडे फिरवा. डावीकडे, आई."

"माझी डावी का तुझी?"

"दोघींची एकच आहे."

"दोघींची एक खयची असतली? तू समोर बसलंस." आणि तेही खरंच होतं, म्हणून रेवती उठून तिच्या बाजूला येऊन बसली.

चकत्या स्पिरिटने पुसल्या. पॅड तव्यावर गेले. या वेळी त्यांतून खोबरेलाचा असा धूर निघाला की पोटमाळ्यावरून सुबोधचं डोकं खाली आलं.

"सकाळी सकाळी बांगडे तळताय काय?"

"तुझ्या बायकोचो ब्रेक भाजतंय," प्रेमा म्हणाली. "नीज तू."

तो निजला नाही. खाली आला, ऐकलं, एकदा आईकडे बघितलं, एकदा रेवतीच्या चोपडलेल्या डोक्याकडे, आणि चहा टाकला. त्या घरात त्याने चहा टाकणं म्हणजे बरंच काही बोलणं होतं.

प्रेमाने काचपेपरवर पॅड घासले. मसाला वाटणारा हात; रेवतीला जे काल जमलं नव्हतं ते एकसारखं, सपाट घासणं तिला जमलं. पॅड बसवले. चकतीला धरणारा चिमटा सैल करून रेवतीने हँडलवरचा ब्रेक दाबून ठेवला, म्हणजे चिमटा आपोआप मधोमध येतो, आणि तो तसा असतानाच प्रेमाने स्क्रू आवळले. मग रेवती सायकल घेऊन गल्लीत वर-खाली फिरली. थोडं जायचं, ब्रेक दाबायचा, पुन्हा जायचं, पुन्हा दाबायचा. नव्याने घासलेल्या पॅडला चकतीची ओळख व्हावी लागते, असं विशालने सांगितलं होतं. आधी घसरला. मग कुरकुरला. मग धरू लागला.

"आज रविवारचा पण भोंगा?" द्रौपदीकाकूने दारातून विचारलं.

"ओव्हरटाइम, काकू."

सुबोध कपबशी घेऊन उभा होता. "तो निघालाय मालाडवरून. पोचेल आता."

"ब्रेक झाला नीट," रेवती म्हणाली. "तू म्हणाला होतास, झाला तर ठेव."

"काल पण झाला होता."

"दर वेळी मागून तेल घातलं जायचं. आता कुणी घालणार नाही."

"रेवती, तसं नाय." त्याने कपबशी उंबऱ्यावर ठेवली. "मी कामावर असतो आणि फोन वाजला की वाटतं, तुझंच काहीतरी झालं. दर वेळी. तू म्हणतेस धरतो, पण मी कसा विश्वास ठेवू त्याच्यावर? कुणी ठेवायचा?"

विश्वास काही दाखवता येत नाही, पॅडसारखा काढून हातावर ठेवता येत नाही. ती सायकल धरून उभी राहिली. पाठ दुखत होती, डोक्यातलं तेल कानात उतरत होतं, आणि तिला वाटलं, जाऊ दे. खरंच जाऊ दे.

प्रेमा उठली. टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला, उताराच्या तळाशी चालत गेली आणि गल्लीच्या मधोमध, नाल्याच्या कठड्याला पाठ करून उभी राहिली.

"जा वर," ती सुनेला म्हणाली. "आणि ये. हय थांबव. माझ्यासमोर."

"आई, काय वेडेपणा करतेस!" सुबोध ओरडला.

"तू चूप. तेल मी घातलेलंय. उभी मीच ऱ्हवतलंय."

"आई, बाजूला व्हा," रेवती म्हणाली. "कठड्याला लागून उभ्या राहा निदान."

"कठड्याक लागान उभी ऱ्हवलंय तर तेका काय कळतला? जा."

प्रेमा हलेना. दोघांनाही माहीत होतं, ती हलणार नाही. रेवती सायकल ढकलत वर गेली. वरून बघितलं तर सासू केवढीशी दिसत होती. फुलाफुलांचा गाऊन, पांढरा टॉवेल, मागे राखाडी कठडा. ही बाई रागावली की आठवडाभर बोलत नाही, आणि आता रागावली नाहीये, तर अशी.

तिने पाय उचलला. उताराने सायकल घेतली. द्रौपदीकाकूचं दार गेलं, सुबोध गेला, वारा तेलकट केसांत शिरला नाही, नुसता वरून गेला. तिने ब्रेक दाबला.

आवाज झाला. बारीक, घशात अडकल्यासारखा. आणि पॅडने चकती धरली. चाक जड झालं, अजून जड झालं आणि थांबलं. हँडल आणि प्रेमाच्या मधे हात लांब करायला जागा उरली होती.

प्रेमाचे डोळे गच्च मिटलेले होते. तिने एक उघडला.

"झाला?"

"झालं, आई."

"वायच वाजलो."

"वाजणार. पावसात वाजेल, धुळीत वाजेल. वाजला तरी धरेल."

प्रेमाने दुसरा डोळा उघडला. "मगे वाजांदे," ती म्हणाली, आणि मागे सरून कठड्याला टेकली. रेवती सायकलवरून उतरली नाही, तशीच एक पाय जमिनीला टेकवून उभी राहिली.

सुबोधच्या हातात फोन वाजत होता. तो बघत राहिला, मग उचलला. "हां दादा. नको येऊ. नाय, विकायची नाय. अरे, पोचलास? बरं, मग तिथूनच फीर ना मागे. सॉरी यार." समोरचा काहीतरी बरंच बोलला असावा. सुबोधने ते सगळं ऐकून घेतलं. फोन खिशात टाकून तो खाली त्या दोघींपाशी आला, आणि आधी कुणाचा हात धरावा हे न कळून त्याने सायकलीचं हँडल धरलं.